जुन्या फियाटला रुंद टायर लावण्याआधी हे वाचा

‘जुन्या प्रीमियर पद्मिनीला रुंद रिम आणि 185/60 चे टायर टाका. पावसात गाडी घसरत नाही, ब्रेक लवकर लागतो, स्टिअरिंगला फरक पडत नाही. घासलंच तर फेंडरची कड आतून कापून घ्या.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (पद्मिनी म्हणजेच आपली जुनी फियाट. 185 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; 60 म्हणजे त्या रुंदीच्या 60 टक्के टायरची उंची.) परवा तो दादरच्या काकांना आला आणि काका थेट कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन रिमचे भाव काढून आले. गाडी 1974 ची आहे. आता गप्प बसवत नाही.

आधी पावसाचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. टायर जेवढा रुंद, तेवढं पाणी जास्त, आणि वेळ मात्र तेवढाच. पाणी हटलं नाही की टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. पद्मिनी तशीही हलकी. तेच वजन रुंद टायरवर पसरलं की टायर पाण्यात रुततच नाही. जुलैत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला तळी साचतात त्या शहरात हा सल्ला देता? पावसाची काळजी असेल तर टायरच्या खाचा किती उरल्यात आणि टायर किती जुना आहे ते बघा.

ब्रेकचं म्हणणं तर बिनबुडाचं आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर ते तापले की पकड जाते. टायर रुंद केल्याने ड्रम थंड राहत नाही.

स्टिअरिंगला फरक पडत नाही म्हणे! पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत रिम बाहेर आली की किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि बेअरिंगवर जादा ताण येतो, आणि पार्किंग करताना खांदे भरून येतात. काकांना कंपाउंडमध्ये नेलं, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि टायर व फेंडरच्या मध्ये हात घालायला सांगितला. दोन बोटं कशीबशी गेली.

एक कबूल करतो. मूळच्या 5.20-14 क्रॉसप्लायपेक्षा (आतले धागे तिरपे असलेला जुन्या पद्धतीचा टायर) आजचे रेडियल चांगले, आणि कोरड्या वळणावर रुंद टायर थोडी जास्त पकड देतो. पण त्यासाठी 155/80 आर 14 (14 इंची रिमचा रेडियल) पुरतो. त्याचा व्यास साधारण 604 मिलिमीटर; त्याच रिमवर 185/60 चा 578. फरकाच्या निम्मं, म्हणजे गाडी 13 मिलिमीटर खाली बसणार, आपल्या खड्ड्यांत.

राहिलं फेंडर कापणं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. काकांनी त्या नंबरसाठी सगळी कागदपत्रं जमवून ठेवलीत. फेंडरला कटर लागला की ती फाइल कपाटातच राहणार.