वाचक आणि त्याचे राखणदार

कवीला त्याचा वाचक स्वतःच्या पायांनी येऊन गाठतो आणि बहुधा स्वतःच्या दोन कविता ऐकवूनच सोडतो. कादंबरीकाराला तो पत्र लिहून, पृष्ठक्रमांकासह, मुद्रणदोष कळवतो. मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाचा वाचक मात्र सदैव कोणाच्या तरी ताब्यात असतो. त्याचे पुस्तक आई निवडते, पैसे बाबा देतात, कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात असते आणि पुस्तक हाती पडलेच, तर ‘आधी हात धुतलेस का?’ ही चौकशी आजी करते. साताऱ्यात राहून मी मुलांसाठी गोष्टी लिहितो खरा. परंतु माझा निम्मा जन्म या राखणदारांच्या परवानग्या मिळवण्यात चालला आहे.

जिल्हा परिषदेच्या मैदानावर ग्रंथमहोत्सव भरतो, तेव्हा प्रकाशक मला गाळ्यावर बसवतात. एकदा एका मुलीने माझे पुस्तक उचलून छातीशी धरले. तिच्या वडिलांनी ते हळूच सोडवून घेतले आणि मला विचारले, “यातून काय शिकायला मिळतं?”

“यात एक माकड राजवाड्याजवळच्या दुकानातून कंदी पेढे पळवतं,” मी सांगितले.

“आणि मग?”

“मग ते खातं.”

त्यांनी पुस्तक जागेवर ठेवले आणि शेजारच्या गाळ्यावरून शिष्यवृत्ती परीक्षेचे मार्गदर्शक घेतले. हा संवाद ऐकणाऱ्या प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत दोन पाने वाढवून मागितली आणि त्यांत माकडाला पश्चात्ताप होऊन ते उरलेले पेढे परत करते, असे मला लिहावे लागले. माकडाच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दाखवणे चित्रकाराला शेवटपर्यंत जमले नाही. ते दात दुखत असल्यासारखे दिसते.

राखणदार नसलेला वाचक पाहावा, या इच्छेने मी भिलारला गेलो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या जागा पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या असून कोणीही आत जावे, हवे ते पुस्तक घ्यावे आणि वाटेल तितका वेळ फुकट वाचत बसावे, अशी तेथे सोय आहे. अशाच एका घरात एक मुलगा पालथा पडून चक्क माझे पुस्तक वाचत होता. मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि तो कुठे हसतो याची वाट पाहू लागलो. तो हसला. कोणत्या पानावर हसला, हे पाहण्यासाठी मी किंचित पुढे वाकलो, तोच त्याची आई उभी राहिली.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“काही नाही. हे पुस्तक…” एवढेच माझ्या तोंडून निघाले.

“दे रे, बाळा, त्या काकांना हवंय ते,” असे म्हणून तिने पुस्तक काढून माझ्या हातात दिले आणि मुलाला घेऊन ती स्ट्रॉबेरी आइस्क्रीम खायला निघून गेली. स्वतःचेच पुस्तक वाचकाच्या हातून हिसकावून घेणारा दुसरा लेखक जिल्ह्यात नसावा.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी बालसाहित्यिकाला पोळ्याच्या बैलाइतका मान असतो. यंदा मला जावळी तालुक्यातील एका शाळेने बोलावले होते. सभागृहात मुले हाताची घडी घालून बसली होती. दीपप्रज्वलन झाले (वाऱ्यामुळे ते पुनःपुन्हा झाले), स्वागतगीत झाले, प्रास्ताविक झाले, मग केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांनी वाचनाचे महत्त्व इतक्या विस्ताराने सांगितले की, वाचायला वेळ उरला नाही. माझी पाळी आली, तेव्हा मुख्याध्यापक कानाशी येऊन म्हणाले, “सर, दोनच शब्द बोला. खिचडी निवत चाललीय.”

तरीही प्रश्नोत्तरे झालीच, कारण प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून वाटलेले होते. एका चुणचुणीत मुलीने “आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?” असे विचारले आणि चिठ्ठीच्या शेवटी गुरुजींनी लिहिलेले ‘सावकाश व मोठ्याने’ हे शब्दही तिने सावकाश व मोठ्याने वाचले. माझे उत्तर ऐकायला ती थांबली नाही. तिचे काम झाले होते.

खरी भेट झाली ती जेवणानंतर, ताटे धुण्याच्या नळावर. मोठी माणसे कार्यालयात चहा घेत होती.

“तुमी खरंच लेखक हाय?” एकाने विचारले.

“हो.”

“मग अजून जित्तं कसं?”

शंका रास्त होती. त्याने वर्गातून पाठ्यपुस्तक आणून दाखवले. त्यातल्या बऱ्याच कवींच्या नावांपुढे कंसात दोन-दोन साले छापलेली होती. “तुमचं दुसरं साल कवा येणार?” या प्रश्नावर मी हात धुऊ लागलो.

तेवढ्यात मघाचीच मुलगी शाळेच्या कपाटातली माझ्या पुस्तकाची प्रत घेऊन आली. शेवटची दोन पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली होती.

“मी चिकटवली, भाताच्या शितांनी,” ती म्हणाली. “बारक्यांनी वाचू नयेत म्हणून. माकडानं एवढं पळायचं आणि पेढे परत द्यायचे? आणि उष्टे पेढे घेतं कोण?”

वडील मंडळींच्या मागणीवरून वाढवलेला तो बोध कोणीतरी काढून टाकावा, असे मला कितीतरी दिवस वाटत होते. पण प्रकाशकांसमोर माझी जीभ कधी उचलली नव्हती. मी तिला आणखी काही विचारणार, इतक्यात मुख्याध्यापक धावत आले. “ए, सरांना त्रास देऊ नका!” असे त्यांनी दरडावताच सारे वाचक पांगले.

एकटा मागे रेंगाळला. तो दप्तरातून काही काढू लागला, तेव्हा स्वाक्षरीसाठी वही असेल, या समजुतीने मी पेनाचे टोपण काढले. त्याने घटक चाचणीचा मराठीचा पेपर पुढे केला. त्यावर वीसपैकी सहा गुण होते.

“हितं करा, सर,” ‘पालकांची सही’ या शब्दांवर बोट ठेवून तो म्हणाला.

“अरे, माझी सही कशी चालेल?”

“चालतीय की. मघाशी वहीवर केलेली बघितली म्या. कुणाची हाय ते कुणालाच वाचता येत न्हाई.”