कुठली फुली?

परवा संध्याकाळी पावणेसातला माझ्या सासरच्या ग्रुपवर, माझ्या नंबरवरून एक बातमी गेली. 'सासरच्या जाचाला कंटाळून जावई बेपत्ता'. सोबतच्या फोटोत रेल्वेचे रूळ.

मी ती पाठवलेली नाही. म्हणजे बोट माझंच होतं, पण पाठवत होतो आयर्विन पुलाची पाणीपातळी. तासगावला तीनदा फोन करून हे सांगून झालं. सासरे दरवेळी शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "असू दे. मनात असलं की बोलून टाकावं माणसानं."

चार दिवस झड लागलेली, कोयनेतून पाणी सोडलेलं, आणि नदी चढायला लागली की सांगलीतला माणूस काहीतरी निमित्त काढून पुलाकडे जातोच. पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात आम्ही त्याच्याकडे दवाखान्यात ठेवलेल्या आजोबांना बघायला जावं तसे जातो. आत कुणी शिरत नाही, बाहेरूनच विचारतो, आज किती? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. ऑफिस सुटल्यावर मीही गेलो. टिळक चौकाच्या अंगाला चहाचा गाडा आहे, तिथल्या बाकड्यावर नाना बसलेले.

नाना आमच्या गल्लीतले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी नदीची पट्टी वाचायची आणि आकडा वर कळवायचा, हेच काम केलं. रात्री दोन वाजता डोक्यावर इरलं घेऊन, हातात बॅटरी घेऊन घाट उतरलेला माणूस. समोर तीच नदी, तोच पूल, पाण्यातून वर आलेले फुटांचे आकडे बाकड्यावरून दिसतायत. आणि मला म्हणाले काय, "पातळीची लिंक हाय का रं?"

"नाना, समोर बघा की. आकडे दिसतायत."

"मला दिसतायत. पुण्याला दिसत न्हाईत."

पुणे म्हणजे त्यांची लेक. सकाळी नानांनी तिला फोन करून आकडा सांगितला होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता लांबचं नीट दिसत नाही. बातमी आली असेल तर तिची लिंक पाठवा." ज्याच्या एका आकड्यावर कधीकाळी काठावरच्या घरांतली माणसं सामान बांधायची, त्याला ही लिंक मागत होती. नाना त्यावर काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला.

मग मी मोबाईल काढला. इथं माझं चुकलं.

बातमी उघडली. पहिली ओळ दिसली न दिसली तोच खालून बांधकामवाल्याची जाहिरात वर आली, 'नदीदर्शन फ्लॅट'. ह्या दिवसांत सांगलीत नदीदर्शन! नाना म्हणाले, "फुली मार तिला."

फुल्या दोन होत्या. एक जाहिरातीच्या कोपऱ्यात, मुंगीच्या डोळ्याएवढी. दुसरी तळाशी, शेअरच्या पट्टीत, काळ्या चौकटीत ठसठशीत. मी ठसठशीत दाबली. ट्विटर उघडलं आणि पासवर्ड मागायला लागलं.

"हे काय मागालंय?"

"पासवर्ड. ट्विटर उघडलं, नाना."

"मग फुली मार."

"फुलीच मारली म्हणून उघडलं."

"कुठली फुली?"

"ती फुली म्हणजेच ट्विटर."

नानांनी चहाचा कप बाकड्यावर ठेवला. शाळेत गणित चुकलेल्या पोराकडे गुरुजी बघतात तसं माझ्याकडं बघितलं. "ट्विटर म्हणजे चिमणी. मला ठावं हाय."

"चिमणी होती. २०२३ च्या जुलैत मालकानं काढली आणि फुली बसवली."

"म्हंजे दुकानाच्या पाटीवर 'बंद' लिवलं."

"हो."

"आणि दुकान चालू."

"हो."

"मग आता बंद करायला काय दाबायचं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाड्यावरच्या पोरानं किटली न थांबवता सांगितलं, "काका, बॅक घ्या." बॅक घेतलं. बातमी पुन्हा पहिल्यापासून उघडली आणि खालून नदीदर्शन वर आलं.

ह्या शेअरच्या पट्टीबद्दल मला एकदा बोलायचंच आहे. बातमी वाचायला जागा असते चार ओळींची, कारण वर मथळ्याची पट्टी, खाली ही पट्टी, आणि दोन्ही चिकटलेल्या. तुम्ही कितीही सरका, त्या सोबत येतात, एसटी स्टँडवर 'कुठं जायचं? कोल्हापूर, कोल्हापूर' करत मागं लागणाऱ्या वडापवाल्यासारख्या. पट्टीत हिरवं बटण, निळं बटण, ही फुली, कागदी विमान, पाकीट, प्रिंटर. आणि शेवटी एक लाल गोल, गुगल प्लसचा. गुगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. त्याच ऑगस्टमध्ये इथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पेठांमधून बोटी फिरल्या, दुकानांतला माल चिखलात गेला, लोकांनी घरं धुतली, रंगवली, काहींनी विकली. पट्टीतला तो लाल गोल जागचा हललेला नाही.

तर दुसऱ्या खेपेला माझा अंगठा प्रिंटरवर पडला. 'प्रिंटर शोधत आहे' अशी पाटी आली. कृष्णाकाठी, भर पावसात, मोबाईल इमानदारीनं प्रिंटर शोधत होता.

"काय शोधालंय?" नाना.

"काही नाही."

मग म्हटलं, बटणांचा नाद सोडावा, लिंकच उचलावी. कॉपी केली आणि नानांच्या नंबरवर चिकटवली. पाठवण्याआधी खात्री म्हणून त्यांना दाखवली. नानांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला आणि खात्यातला कागद वाचावा तसं मोठ्यानं वाचायला लागले.

"टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का बी आठ टक्का ई शून्य टक्का ए चार..."

बाकड्यावरचे दोघे तिघे वळून बघायला लागले.

"हे टक्के कसले? धरणाचे?"

"नाही नाना."

"कोयना १०५ टीएमसीचं. ते किती टक्के भरलं ते देतात बातमीत. पर एवढे टक्के?" त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली. "हे खरं असलं तर कोयना भरून वाहून पुन्हा भरलं."

मी समजावलं. ही मराठी अक्षरं आहेत. बातमीचा मथळा मराठीत, तोच लिंकमध्ये घेतलेला. पण लिंकच्या पोटात देवनागरी जशीच्या तशी जात नाही, तिचं हे असं पीठ होतं. 'सांगली' लिहायला आपण स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी अशा सहा खुणा वापरतो. एकेका खुणेचे तीन टक्के आणि त्यांच्या मागं सहा अक्षरं-आकडे. एकूण सांगलीचे ५४.

"त्यात टक्के किती?"

"अठरा."

"१८ टक्के." नाना बराच वेळ नदीकडं बघत राहिले. "म्हंजे जीएसटी."

बाकडं हसलं. मला हसू येत नव्हतं. कारण टक्क्यांच्या पुढं लिंकला आणखी शेपूट होतं. प्रश्नचिन्ह, आणि त्यामागं हा वाचक कुठून आला, कशावरून आला, कोणत्या मोहिमेतून आला असला सगळा पंचनामा. लग्नात जेवायला बसलं की शेजारचा विचारतो ना, "मुलाकडचे का मुलीकडचे?" तसं. बातमीत पातळीला दोन ओळी, आणि मी कुणाकडचा ह्याला अडीच.

"एवढी लांब नको," नाना म्हणाले. "तिला वाटंल बापाचा फोन हॅक झाला. ते हिरवं दाब."

हिरवं दाबायच्या आधी मी एक गोष्ट केली, आणि तीच नडली. पातळीचा आकडा पुन्हा एकदा बघावा म्हणून अंगठ्यानं पान जरा वर सरकवलं. एक पेरभर. ह्या वेबसाईटवर बातमी कधी संपत नाही. पहिलीच्या बुडाला दुसरी चिकटलेली असते, आणि तुम्ही सीमा ओलांडली की वरचा पत्ता गुपचूप बदलतो. ना दार, ना उंबरा. तुम्हाला वाटतं आपण अजून आयर्विनवर आहोत. तुम्ही पोचलेले असता बेपत्ता जावयाच्या घरी. पट्टी मात्र तीच, हिरवं बटण तेच.

हिरवं दाबलं. कुणाला पाठवायचं त्याची यादी आली. यादीत वर ती माणसं, ज्यांच्याशी आपण नेहमी बोलतो. नानांशी मी नेहमी बोलतो, पण बाकड्यावर. सगळ्यात वर सासरचा ग्रुप, कारण त्या आठवड्यात मेहुण्याच्या मुलाच्या बारशाचे फोटो चालले होते. नानांचं नाव दुसरं होतं. मी नानांच्या नावावर बोट नेलं आणि त्याच क्षणी कुणीतरी वरून बोलल्यासारखी यादी एक घर खाली सरकली.

"आलं का?" मी विचारलं.

"न्हाई आलं," नाना म्हणाले.

त्यांच्याकडं कसं येईल? ते तासगावात पोचलं होतं.

'सर्वांसाठी डिलीट' ही सोय आहे, मी ती वापरली. पण डिलीट केल्यावर मागं 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी उरते. जावयानं सासरच्या ग्रुपवर काहीतरी लिहिलं आणि घाबरून पुसलं, ह्यापेक्षा बातमी राहिलेली बरी होती. शिवाय धाकट्या मेहुण्यानं तोवर स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. तिन्ही मेव्हण्यांचा आणखी एक ग्रुप आहे, त्यात मी नाही. तिथं काय झालं ते मला रात्री बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे सगळं हसण्यावारी न्यायला माझी ना नाही. पण २०२१ च्या जुलैत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी अशीच लिंक टाकली होती. मथळा, 'आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर'. फोटो पुराचा. बातमी दोन वर्षांपूर्वीची, २०१९ ची. पण शेअर केलेल्या चौकटीत मथळा येतो, फोटो येतो, वेबसाईटचं नाव येतं, तारीख येत नाही. आत जाऊन बघावं तर तारीख कुठंतरी जाहिरातीखाली. आम्ही चौघांनी रात्री अकराला फ्रिज जिन्यावरून वर चढवला. शेजारच्या काकूंना खुर्चीत बसवून उचललं. सकाळी कळलं, पाणी अजून बरंच लांब आहे. फ्रिज खाली आणला. आणि तिसऱ्या दिवशी खरंच पाणी दारात आलं, तेव्हा पुन्हा उचलायला निम्मी माणसं आलीच नाहीत. "मागच्या वेळेसारखंच असंल," म्हणाली. त्या चौकटीत तारीख टाकायला किती जागा लागते? गुगल प्लसच्या लाल गोलाएवढी. ती जागा आहे, फक्त भाड्यानं दिलेली आहे. आणि व्हॉट्सॲपनं २०१८ पासून आपल्याकडं फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणांपुरतं आणलं, ते अफवा थांबाव्यात म्हणून. पाच घरांत फ्रिज वर चढवायला तेवढं पुरतं.

असो. फ्रिजचा कॉम्प्रेसर तेव्हापासून आवाज करतो.

शेवटी नानांचं काम गाड्यावरच्या पोरानं केलं. किटली खाली ठेवली, माझ्या हातातला मोबाईल बाजूला सारला, नानांचा फोन घेतला आणि पुलाचा, आकड्यांचा, पाण्याचा फोटो काढून पुण्याला पाठवला. अर्धं मिनिट. पलीकडून लगेच उत्तर आलं. नानांनी ते मला वाचायला दिलं. 'बाबा, हा फोटो कधीचा आहे?'

नानांनी फोन खिशात ठेवला, चहाचे पैसे दिले, माझेही दिले. उठताना एकदा नदीकडं बघितलं आणि कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, "सदतीस फूट चार इंच." मग छत्री उघडून गेले.

घरी आलो तर बायको दारात. स्क्रीनशॉट तिच्यापर्यंत पोचलेला होता, पण तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तिनं विचारलं, "अहो, पाणी किती आलंय?"

"बातमी नीट उघडली नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पुलावरच होता नव्हं?"

इतक्यात तिचा फोन वाजला. सासरच्या ग्रुपवर धाकट्या मेहुण्यानं बातमी टाकली होती. आयर्विनचीच, बरोबर मथळा, बरोबर फोटो, पहिल्या झटक्यात. खाली लिहिलं होतं, 'दाजी, पाणी वाढतंय. पोराबाळांना घेऊन इकडं या.' आणि मिनिटभरानं दुसरा मेसेज, 'तुम्हाला चालत असेल तरच.'