कितपत?

अमेरिकेच्या इतिहासाशी माझा संबंध नागरिकत्वाच्या मुलाखतीपुरता आला होता. तेव्हा शंभर प्रश्नांची ठरलेली यादी असे, त्यातले फार तर दहा विचारत आणि सहा बरोबर आले की पास. साताऱ्याच्या शाळेत सनावळ्या घोकून मोठ्या झालेल्या माणसाला ते अवघड नव्हते. त्यामुळे इथे न्यू जर्सीत मुलीने अकरावीला एपी यूएस हिस्टरी, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा अमेरिकेचा इतिहास, मुलांच्या भाषेत 'एपुश', घेतला तेव्हा 'इतिहास काय, पाठ केला की झाला' असे मी बोलून गेलो.

पहिल्याच आठवड्यात बाईंचे नियमपत्रक पालकांच्या सहीसाठी घरी आले. त्यात 1491 पासून आजपर्यंतचे नऊ कालखंड होते, उशिरा दिलेल्या गृहपाठाचे दररोज कापले जाणारे गुण होते आणि मे महिन्यातली सव्वातीन तासांची परीक्षा होती, जिचा निकाल 1 ते 5 या आकड्यांत लागतो. तिनाला 'पात्र' म्हणतात हे वाचून मी पाचांत तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास, असा हिशेब केला आणि सही ठोकली. नावाजलेल्या कॉलेजांत बहुधा चार किंवा पाचच चालतात, हे मागाहून कळले.

खरी मेख डीबीक्यू नावाच्या निबंधात आहे. एका तासात सात जुने कागद वाचून निबंध लिहायचा आणि त्याला गुणही सातच. सरावात मुलीला तीन मिळाले म्हणून मी तोंडसुख घेतले, तेव्हा तिने तेच कागद माझ्यापुढे ठेवून फोनवर गजर लावला. ब्रिटिशांच्या करांमुळे 1763 ते 1776 या काळात वसाहतींमध्ये कितपत एकी झाली, असा प्रश्न होता. आमच्या वेळी 'कारणे द्या' असत, 'टिपा लिहा' असत. 'कितपत' हे फक्त मिसळीच्या तिखटाबद्दल विचारत.

मी समास आखला आणि कोलंबसापासून सुरुवात केली. 16 डिसेंबर 1773 रोजी बॉस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या खाऱ्या पाण्यात गेल्या, या प्रसंगावर तर मी दीड पान हळहळलो.

"बाबा, थीसिस कुठे आहे?"

थीसिस म्हणजे निबंधभर सिद्ध करायचे आपले ठाम म्हणणे. मी 'याची अनेक कारणे होती' या वाक्यावर बोट ठेवले. तिने शून्य दिले. कोलंबस पावणेतीनशे वर्षे आधीचा निघाल्यामुळे पार्श्वभूमीचाही गुण गेला. सातही कागदांतली वाक्ये मी इमानेइतबारे जशीच्या तशी उतरवली होती, ज्याला आमच्याकडे हुशारी म्हणत. पण इथे करांविरुद्ध बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा त्यात स्वतःचा किती तोटा होता, तो हे कोणाला ऐकवत होता, असल्या चौकश्या करायच्या असतात.

एका ओळीपाशी मात्र ती थबकली. 1770 च्या बंगालच्या दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिचा पडून राहिलेला चहा खपावा म्हणून 1773 चा कायदा झाला, असे मी कंपनीवरच्या जुन्या रागापोटी लिहून गेलो होतो.

"हे कुठल्याच कागदात नाही," ती म्हणाली. "बाहेरचा पुरावा. एक गुण."

सातांपैकी एक. सुवाच्य अक्षराचा अर्धा तरी वाढवून दे, असे मी म्हटले, तर कितपत सुवाच्य आहे ते पुराव्यानिशी मांडायला तिने कोरा कागद पुढे सरकवला.