अप्पांची गोळी आणि साउथॉलचं लोणचं

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिठावरून जुंपली. निमित्त चुलतभावाने टाकलेला व्हिडिओ: पांढरं मीठ विष, सैंधव अमृत, बीपीवाल्यांनी आजच बदला. मावशीने अंगठा दिला, वहिनीने हात जोडले. मी लिहिलं, अरे, सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंगाने दाब उतरत नाही. लगेच उत्तर आलं, "तिकडे गेल्यापासून तुला आपलं काहीच पटत नाही."

तिकडे म्हणजे पश्चिम लंडन. इथे माझं स्वतःचं बीपी सापडलं ते खोकल्याचं औषध आणायला गेले तेव्हा. २०२१च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये चाळिशीपुढच्या माणसाचा दाब कोपऱ्यावरचा केमिस्ट फुकट तपासतो. माझा निघाला १५२/९४. गावी असते तर त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली असती. इथे आधी दंडाला पट्टा बांधून २४ तासांसाठी घरी पाठवलं. तो दिवसा दर अर्ध्या तासाने फुगायचा. बसमध्ये फुगला की शेजारचा माणूस दचकायचा. डॉक्टरसमोर घाबरून चढलेला दाब आणि खरा दाब यातला फरक कळावा म्हणून २०११पासून इथला हा नियम आहे. दिवसाची सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर खरं. माझी गेली.

मग लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन, ईसीजी, डोळ्याचा पडदा. मी नर्सला म्हटलं, मला तर काहीच होत नाहीये. ती म्हणाली, तेच तर बघतोय. मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं दाब सोसतात, झिजतात आणि जे प्रथिन रक्तातच राहायला हवं ते लघवीत झिरपू लागतं. माणसाला पत्ता नसतो. माझ्या थोरल्या काकांचं डोकंसुद्धा कधी दुखलं नव्हतं. त्यांना बीपी आहे हे पहिल्या डायलिसिसच्या आठवड्यात कळलं. लघवीची ती एक तपासणी दहा वर्षं आधी झाली असती तर, हा विचार मी काकूंसमोर कधी बोलून दाखवलेला नाही.

इतकं सांगितलं की लोकांना वाटतं, आता ही विलायतेची आरती ओवाळणार. थांबा. माझे वडील, अप्पा, कोरेगावला असतात, म्हणजे सातारा जिल्हा. भारताच्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमाच्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. त्यात विशेष काय, तर सगळं साधं: ठरलेली दोन-तीन औषधं, ठरलेल्या क्रमाने, गोळ्या एकदम महिन्याभराच्या, आणि न आलेल्या माणसाचा शोध. २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला त्याला, पण आमच्या ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ आली नाही. अप्पांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद केली, तेव्हा आरोग्य केंद्रातून फोन आला, "काका, या महिन्यात आला नाहीत?" मी गोळ्या न्यायला विसरले तर मला काय येतं? मोबाइलवर मेसेज. तोही कधी येतो, कधी नाही, आणि डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेत लटकायचं. काका म्हणणारं कुणी नाही.

आता लेबलचा वाद. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मीठ, साखर, चरबीचा इशारा छापा, असं भारतात कित्येक वर्षं मागितलं जातंय. २०२२मध्ये सरकारी मसुदा आला तो इशाऱ्याऐवजी ताऱ्यांचा, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. जणू हॉटेलच निवडायचंय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मी इशाऱ्याच्या बाजूने आहे. माझ्या इथल्या दुकानात १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमहून जास्त मीठ असलेल्या पाकिटावर लाल चौकोन दिसतो, आणि हात खरंच थबकतो. पण ब्रिटनला जास्त उपयोग झाला तो न दिसणाऱ्या गोष्टीचा. कारखान्यांना उद्दिष्टं देऊन पावात थोडं थोडं मीठ कमी करत नेलं. दहा वर्षांत पावातलं मीठ सुमारे २० टक्क्यांनी उतरलं आणि कुणाच्या जिभेला कळलंही नाही. माणशी रोजचं मीठ २००१च्या ९.५ ग्रॅमवरून २०११मध्ये ८.१वर आलं. त्यानंतर सरकारचा जोर ओसरला, तेही सांगायला हवं.

पण ही युक्ती चालली कारण गोऱ्या माणसाचं बहुतेक मीठ बाजारातून शिजूनच येतं. आपलं मीठ आपल्याच मिसळणाच्या डब्यातून पडतं. आमटी, लोणचं, पापड, वर ताकात चिमूट. लाल चौकोन त्या डब्यावर कोण लावणार? साउथॉल म्हणजे पश्चिम लंडनमधली आपल्या लोकांची वस्ती; तिथल्या दुकानातून मी लोणच्याची बरणी आणते तेव्हा ब्रिटनचं सगळं मीठधोरण माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबतं. याच साउथॉलमध्ये १९८८पासून आपल्यासारख्यांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा अभ्यास झाला, आणि त्यातून दिसलं की वाढलेला दाब आपल्या पुरुषांना पक्षाघाताकडे गोऱ्यांपेक्षा जास्त जोराने ढकलतो. म्हणून मला भारतातल्या वादात चीनची गोष्ट जास्त कामाची वाटते. तिथल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांपैकी निम्म्यांना घरच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. २०२१मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मूत्रपिंड बिघडलेल्यांना ते चालत नाही, पोटॅशियम साचतं, म्हणजे तिथेही आधी तपासणी आलीच. गुलाबी मिठावर एवढा उत्साह खर्च करणारा माझा भाऊ या मिठाबद्दल कधी व्हिडिओ टाकत नाही.

त्याचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे आयुर्वेद. "सर्पगंधा घ्या, इंग्रजी गोळी एकदा लागली की सुटत नाही." याचं उत्तर तर मुंबईतच आहे. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयात सर्पगंधा रुग्णांना देऊन, आकडे मांडून १९४९मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं. पुढे स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे दाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेचा वैद्यकातला लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने काहींचं मन खचू लागलं, शरीराला त्याहून बरी सोसणारी औषधं आली, आणि ते मागे पडलं. आपलं म्हणून धरून ठेवायचं असेल तर मुळीपेक्षा वकिलांचं मोजणं धरावं, असं मी लिहिलं. भावाने लाल हृदय पाठवलं. मान्य की टोमणा, कळायला मार्ग नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अप्पा मी पाठवलेलं मशीन घेऊन बसतात. स्वेटरवरूनच पट्टा बांधतात आणि फुगत असताना शेजारच्यांच्या बोअरवेलची हकिकत सांगतात. "अप्पा, मोजताना बोलायचं नसतं, दाब जास्त येतो." "अगं, मग तू फोन कशाला करतेस?" परवा १४८ आला. स्वेटर काढून, पाच मिनिटं गप्प बसून १३६. ती पाच मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनवर एकमेकांकडे बघत बसलो होतो, आणि मागे आई लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होती.