नवरीला तिच्याच शहरातला एक दिवस द्या

लग्नाआधी मैत्रिणींनी नवरीला द्यायची सर्वांत चांगली भेट म्हणजे तिच्याच शहरातला, कोणतीही खरेदीची यादी हातात नसलेला एक अख्खा दिवस, असे माझे ठाम मत झाले आहे. अलीकडे मैत्रिणींचे केळवण म्हणजे हॉटेलातला सजवलेला कोपरा, एकसारखे टी-शर्ट, फुग्यांची कमान आणि छायाचित्रकार असे ठरूनच गेले आहे, आणि बेत मोठा असेल तर गोवा किंवा लोणावळ्याचे रिसॉर्ट. त्यात मजा नसते असे मी म्हणणार नाही. परंतु तो खर्च जिच्या आवाक्यात नसतो, ती मैत्रीण रजा मिळत नसल्याचे सांगून बाजूला होते आणि बाकीच्या ते खरे मानतात, हे मी आमच्याच घोळक्यात पाहिले आहे. बालपणीची एखादी मैत्रीण अशा कारणाने गळत असेल, तर तो बेतच बदलायला हवा.

प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी तर नवरीशी बोलायलाही मिळत नाही. सकाळी विधी, दुपारी साडी बदलणे, संध्याकाळी स्वागत समारंभ. मैत्रिणी रांगेतून मंचावर चढतात, एक छायाचित्र होते आणि मागच्यांसाठी खाली उतरावे लागते. त्याआधीचे महिनाभर ती घरच्यांबरोबर लक्ष्मी रस्त्यावर शालू, आहेराच्या साड्या आणि ब्लाउजच्या मापांत गुंतलेली असते. म्हणून पुण्यातच वाढलेल्या आणि लग्नानंतर बंगळुरूला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणीला आम्ही विचारले, तेव्हा तिने एकच अट घातली: दिवस पेठांमध्ये घालवायचा आणि कुठे जायचे ते तिने ठरवायचे.

सुरुवात अर्थातच कसबा गणपतीपासून झाली. पुण्याच्या या ग्रामदैवताला लग्नाची पहिली अक्षत देण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते. तिच्या घरच्यांनी अक्षत आधीच दिली होती, तरी तिला आमच्यासह एकदा तिथे जायचे होते. हे देऊळ जिजाऊंनी उभारले असे मानले जाते. पुणे उद्ध्वस्त झालेले असताना बाल शिवाजीला घेऊन आलेल्या एका बाईने गाव पुन्हा वसवायला घेतले, त्या ठिकाणी नवे घर मांडायला निघालेली मुलगी डोके टेकवते, यात मला मोठे औचित्य वाटते. तिथून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर आम्ही बराच वेळ नुसत्या बसून राहिलो. शाळेच्या सहलीत बाईंच्या मागे धावत पाहिलेला वाडा आता निवांत पाहता आला.

त्यानंतर ती आम्हाला बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता त्या जागी घेऊन गेली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. आम्ही सगळ्याजणी शिकलेल्या आणि कमावत्या आहोत. त्यामुळे लग्नाच्या मुहूर्तावर देवाइतकाच या जागेलाही नमस्कार व्हायला हवा, हा तिचा आग्रह मला मनापासून पटला. पुण्यात लग्न होणाऱ्या प्रत्येक मुलीने इथे एकदा यावे, असे मी आवर्जून सुचवीन.

तुळशीबागेत आम्ही काही घ्यायचे नाही असे ठरवले होते आणि ते मोडले, कारण मुंडावळ्या आणि पितळी भातुकली समोर असताना हात आवरणे कठीण असते. पण खरा वेळ गेला तो राममंदिराच्या आवारात. पेशवाईतले अधिकारी नारो अप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या या मंदिराभोवती एवढा बाजार फुलला आहे की खरेदीला आलेल्या कित्येकींना आत मंदिर असल्याचा पत्ताही नसतो. मंडईत तिने तिच्या आजीच्या नेहमीच्या भाजीवालीला पत्रिका दिली. १८८६ मध्ये उघडलेल्या या वास्तूच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला होता आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले, हे भाजीवालीशी गप्पा मारताना आमच्यातल्या एकीने सांगितले, तेव्हा मावशींना ते ऐकून माहीत होते आणि आम्हा इतरांना नव्हते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. दिवसभराचा मार्ग आखताना आम्हाला सर्वांत आधी विचार करावा लागला तो स्वच्छतागृहांचा. हजारो स्त्रिया जिथे रोज खरेदी करतात, त्या मध्यवर्ती बाजारपेठेत बाईला विनासंकोच जाता येईल अशी स्वच्छ जागा शोधावी लागते आणि बहुतेकजणी पाणी कमी पिऊन किंवा उपाहारगृहात चहा मागवून वेळ निभावतात. स्त्रियांनी शहरात कामाविना, निव्वळ आनंदासाठी वावरावे असे वाटत असेल, तर कमानी आणि रोषणाईच्या आधी ही सोय व्हायला हवी.

मंडईहून स्वारगेट हे भुयारी मेट्रोचे पुढचेच स्थानक आहे. पिंपरीहून अर्धी रजा टाकून आलेली मैत्रीण आम्हाला तिथेच भेटली. सगळ्यांनी मिळून मस्तानी घेतली आणि ऊन उतरल्यावर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो. वर बसून नवरी बोलती झाली. नव्या शहरात नोकरी लगेच मिळेल का, सासरी आपले रात्रीचे वाचन चालेल का, आईला दवाखान्यात कोण नेईल, अशा प्रश्नांचे ओझे तिने महिनाभर कोणालाच दाखवले नव्हते, कारण घरात पाहुणे होते आणि सगळे आनंदात होते. सजवलेल्या खोलीत, छायाचित्रकारासमोर ती हे बोलली नसती. आईच्या तपासण्यांचे आम्ही तिथेच आपसांत वाटून घेतले. पहिली तारीख माझ्याकडे आहे.

आमच्यातले पुढचे लग्न कोल्हापूरच्या मैत्रिणीचे आहे. रिसॉर्टची चौकशी कोणी केलेली नाही. अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप, गुजरी आणि रंकाळा एवढे तिने कळवले आहे, आणि जेवण कुठे करायचे ते तीच ठरवणार आहे.