बर्गरचे साडेपाचशे घेता, मग मांस कुठलं ते तरी सांगा!

मांस कुठून आणता, असं विचारल्यावर वेटर म्हणतो, ‘सर, सप्लायरकडून.’ कोणता सप्लायर? माहीत नाही. मॅनेजरला बोलावलं, तोही तेच. आणि मेन्यूच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात छापलंय, ‘स्थानिक, ताजं, दर्जेदार बीफ’! पुण्यातल्या कोरेगाव पार्कात असं छापलं की साडेपाचशे रुपये लावायची मुभा मिळते का?

महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही 2015 पासून बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे इथलं स्थानिक बीफ म्हणजे म्हशीचं, हे उघड आहे. मी ते आवडीनं खातो, लपवण्यासारखं त्यात काहीही नाही. मग लिहा ना तसं! टेबलावर चारजण बसतात, त्यातल्या एखाद्याला गाईचं चालत नाही. त्यानं वेटरच्या अंदाजावर विश्वास ठेवून खायचं?

बरं, खाताना तरी समाधान मिळावं. म्हशीच्या मांसात चरबी मुळात कमी. बर्गरच्या खिम्यात शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम चरबी लागते, म्हणजे ती वरून घालावीच लागते. खिमा थंड हवा, हात हलका हवा, मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी लावायचं. आधीच कालवून ठेवलं की खिमा चिकटून येतो आणि पॅटी रबरासारखी होते. माझ्यापुढे नेमकी तशीच आली. काठापासून मध्यापर्यंत एकसारखी करडी, दाबली तर रसाचा थेंब नाही, आणि फ्रीजरमध्ये पडून राहिलेल्या मांसाचा तो शिळा वास. ताजं म्हणे! वर चीज आणि सॉस इतका ओतलेला, की मांसाची चव लागूच नये. खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सियसला शिजलाच पाहिजे, मी कच्चा मागत नाहीये. पण शिजवणं वेगळं आणि वाळवणं वेगळं, हे बर्गर विकणाऱ्याला कळू नये याचा संताप येतो.

बिलात न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज होताच. असा आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलंय. वाद घालून काढायला लावला.

आणि पुण्यात चांगलं मांस मिळत नाही ही सबब तर मुळीच सांगू नका. सकाळी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये जाऊन बघा. खाटीक विचारल्याबरोबर सांगतो, हे मानेचं, हे छातीचं, हे आजचं. खिम्याला कुठला भाग घ्या तेही सांगतो, आणि डोळ्यांदेखत कापून देतो. भल्या पहाटे उठून काम करणारी ही माणसं. तुम्ही ‘स्थानिक’ म्हणून मिरवता ते त्यांच्या जिवावर, आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव तुमच्या मॅनेजरला सांगता येत नाही!

काउंटरवर एक फळा लावा. जनावर कुठलं, भाग कुठला, कुणाकडून आणलं, कधी आणलं, रोज सकाळी खडूनं लिहा. दोन मिनिटं लागतील.