सीडीचा बंदोबस्त

अभिनंदन. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कुणीही घरची गाण्यांची सीडी लावता कामा नये असा हुकूम वरून सुटलाय, आणि तो अमलात आणायला तुमची निवड झालीय. सर्व्हर अधूनमधून मान टाकतो, निम्म्या लोकांचे पासवर्ड कीबोर्डाखाली चिकटवलेले आहेत, हे खरं. पण ते प्रश्न कुठं पळून जात नाहीत. गाणं मात्र तीन-चार मिनिटांत संपून जातं, म्हणून त्याला आधी पकडलं पाहिजे.

सुरुवात परिपत्रकानं करा. त्यात 'गाण्याची सीडी' असं कोणालाही कळेल असं काही लिहू नका. 'वैयक्तिक स्वरूपाच्या ध्वनिचकत्या' लिहा. दोन दिवसांनी एकजण विचारायला येईल की वाद्यसंगीत चालेल का, त्यात शब्द नसतात. त्याला लेखी उत्तर देऊ नका.

मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज जिथं लिहून ठेवतं तिथं, शिरा. सीडी आत सरकवली की ती आपोआप सुरू होण्याची सोय विंडोज ९५ पासून आहे. ती बंद करायला रजिस्ट्रीत एक आकडा बदलावा लागतो. कुठल्या प्रकारच्या ड्राइव्हला गप्प बसवायचं हे त्यात ठरतं, आणि २५५ लिहिलं की सगळेच गप्प. रात्री थांबून प्रत्येक मशीनवर हे करा. सकाळी माणूस सीडी घालेल, काहीच होणार नाही. तो क्षणभर वाट पाहील, 'माय कॉम्प्युटर' उघडेल आणि ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारेल. गाणं सुरू. कालपर्यंत त्याला ड्राइव्हचं चित्र कुठं असतं हे ठाऊक नव्हतं. तेवढं प्रशिक्षण तुमच्या खात्यावर.

आता गाणी वाजवणारा प्रोग्राम, म्हणजे प्लेअरच काढून टाका. लोक पेन ड्राइव्हवरून दुसरा आणतील, तोही इन्स्टॉल न करता चालणारा. त्याच्या फाईलच्या नावावर बंदी घाला. ते नाव बदलून 'वार्षिक हिशेब' ठेवतील. साहेब मागून जाता जाता स्क्रीनच्या तळाशी 'वार्षिक हिशेब' वाचतील आणि त्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं होईल.

इथं एक गंमत सांगायला हवी. गाण्यांची सीडी विंडोजमध्ये उघडली की प्रत्येक गाण्याची एक फाईल दिसते, आणि ती असते ४४ बाइटची. गाणं तिच्यात नसतंच. सीडीवर ते कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढाच पत्ता असतो. कुणी घाईघाईनं बारा गाणी डेस्कटॉपवर उतरवून घेत असेल तर अडवू नका. ५२८ बाइट घेऊन तो आनंदात असतो. अख्ख्या मोहिमेत तुम्हाला मिळणारा हा एकमेव निर्भेळ विजय, जपून ठेवा.

कारण पुढची लढाई जुन्या ड्राइव्हशी आहे. त्यांच्या तोंडावर हेडफोनचं भोक असतं, आवाजाची चक्री असते, आणि बऱ्याच ड्राइव्हवर गाणं सुरू करायचं बटणही. असा ड्राइव्ह विंडोजला विचारत बसत नाही. त्याला फक्त वीज लागते. म्हणजे तुमची रजिस्ट्री, पॉलिसी, पासवर्ड सगळं जागच्या जागी कडेकोट असताना तो आपला खाली गातोय. उपाय सोपा आहे, हेडफोनच्या भोकात वितळवलेली लाख ओता. फक्त शेजारी टाचणीएवढं दुसरं भोक असतं, अडकलेला ट्रे बाहेर काढण्यासाठीचं. लाख त्यात गेली तर सीडी आत आणि तुम्ही बाहेर.

बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या प्रोग्राममधून, ड्राइव्ह बंद करून वर पासवर्ड घालणारे काही कडवे लोक मी पाहिलेत. जुन्या मशीनमधली नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की तो पासवर्ड बहुधा विसरला जातो. हे ज्ञान नेमकं अशा कर्मचाऱ्याकडे असतं, ज्याला प्रिंटरमध्ये कागद कसा घालायचा ते येत नाही.

मध्येच कुणीतरी शहाणा विचारेल, बंदी का? नेटवर्कवर ताण येतो म्हणून सांगा. सीडी वाजते तेव्हा नेटवर्कवर एक बाइटही जात नाही, जुन्या मशीनमध्ये तर आवाज ड्राइव्हमधून एका बारीक वायरनं थेट साउंड कार्डाकडे जातो, पण हे बोलायची गरज नाही. बंदी लागल्यावर लोक तीच सीडी घरी एमपीथ्री करून सर्व्हरवर आणून टाकतात, ७४ मिनिटांचे साधारण ७० एमबी. तेव्हा तुमचं म्हणणं खरं ठरतं. शिवाय त्या गाण्यांचा रोज रात्री टेपवर बॅकअप होतो. लोकांनी कॅसेटी टाकून सीडी घेतल्या होत्या, तुम्ही गाणी परत टेपवर नेलीत, कंपनीच्या खर्चानं.

कामावरचं लक्ष उडतं, असंही सांगता येईल. १९४० साली, ऐन युद्धात, बीबीसीनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी मुद्दाम रोज संगीत सुरू केलं होतं, उत्पादन वाढावं म्हणून. हे ज्याला माहीत आहे त्याला मीटिंगला बोलावू नका.

सगळ्यात वजनदार कारण सुरक्षिततेचं. 'बाहेरच्या सीडीतून काय येईल सांगता येत नाही' हे वाक्य पाठ करा, ते शंभर टक्के खरं आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तज्ज्ञानं जाहीर केलं की त्याच्या कॉम्प्युटरवर एक लपून बसणारा प्रोग्राम सापडलाय. डॉलर-सिस-डॉलरनं ($sys$) नाव सुरू होणारी कुठलीही फाईल तो नजरेआड करायचा, आणि त्याच आडोशाला पुढं व्हायरसही येऊन बसले. हा प्रोग्राम आला होता सोनी बीएमजीच्या, रीतसर पैसे मोजून घेतलेल्या अस्सल सीडीतून. गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनंच तो घातला होता. पुढच्याच महिन्यात सीडी परत मागवाव्या लागल्या. मित्राकडून साध्या सीडीवर गाणी भरून आणणाऱ्या चोराच्या मशीनला काही झालं नाही. तेव्हा परिपत्रकात 'फक्त अस्सल सीडीस परवानगी' अशी सवलत चुकूनही देऊ नका.

त्याआधी, २००३ मध्ये, अशाच दुसऱ्या एका संरक्षणाचं रहस्य प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्यानं फोडलं होतं. सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे ती आपोआप सुरू होत नाही, बस्स. कंपनीनं त्याच्यावर खटल्याची धमकी दिली आणि लगेच मागेही घेतली. तुम्हाला धमकी द्यावीशी वाटली तर शिफ्टचं बटण उपटून टाकायची द्या.

शेवटी सगळे ड्राइव्हच काढून कपाटात टाकाल. पुढच्या आठवड्यात नवा प्रिंटर येईल आणि त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सीडीवर असेल. म्हणून एक ड्राइव्ह तरी चालू ठेवावाच लागतो. तो सर्व्हर रूममध्ये ठेवा. तिथं पंख्यांची एवढी घरघर असते की आत काय चाललंय ते दाराबाहेर ऐकू येत नाही. किल्ली स्वतःकडे ठेवा, आणि हेडफोन जरा चांगल्यातले घ्या.